तूरीनचं फाटक

फेस्टस लॅव्हेलच्या कुरणात माझे केस उगवलेत. हसू नका, खरंच सांगते. एक दिवस माझ्या पोस्टात टपाल न्यायला म्हणून आला आणि खिडकीशी घुटमळत राहिला. मी म्हटलं, "काय हवंय ते बोल बाबा, मागं पेन्शनवाले ताटकळलेत." तर खाली मान घालून म्हणतो, "अट्रॅक्टा, ब्रशात अडकलेले केस टाकत जाऊ नकोस. हिवाळ्यातलं वाळकं गवत अगदी त्याच रंगाचं असतं." मागं आमचा गुत्तेवाला पॅज हेनेघन उभा होता. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "अगं बाई, चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तुझे केस मागतोय, देऊन टाक!" पॅजचं पेन्शनचं पुस्तक मग मला दोन दिवस सापडलं नाही. केस मात्र मी फेस्टसला दिले, पाकिटात घालून.

त्याला वेड लागलंय असं आमचं सगळं तूरीन गाव म्हणायचं, आणि सगळ्यांत आधी मी म्हणायचे. फाटकाशेजारच्या त्या दोन खोल्यांच्या घरात, जिथं तो जन्मला, त्यानं अकरा वर्षं आमची आगगाडी बांधली, हुबेहूब, पण खेळण्याएवढी. आमची म्हणजे बालिक्लूनहून जंक्शनला जाणारी, चौदा मैलांची एकेरी लाइन. ती त्रेसष्ट साली बंद झाली, रूळ उपटून भंगारात गेले, आता तिथं डेव्हानींच्या गायी चरतात. फेस्टसनं तीस वर्षं बर्मिंगहॅममध्ये बसगाड्या दुरुस्त केल्या, ब्याण्णव साली परत आला, फाटकाचं पडकं घर विकत घेतलं आणि फळ्या ठोकायला लागला. चौदाच्या चौदा मैल नव्हे, आमच्यापुरताच तुकडा. बालिक्लूनचं स्टेशन, ओढ्यावरचा पूल आणि तूरीनचं फाटक. फळ्या स्वयंपाकघरातून निघायच्या, भिंतीला पाडलेल्या भोकातून झोपायच्या खोलीत शिरायच्या आणि पलंगावरून जायच्या. तो पुलाखाली झोपायचा, उशी बरोबर ओढ्याच्या खाली.

दुकानातलं तयार सामान त्याला चालायचं नाही. तयार मिळतात ते इंग्लंडच्या मापाचे रूळ, आणि आमच्या दोन रुळांमधलं अंतर त्यांच्यापेक्षा साडेसहा इंच जास्त होतं. मग डब्यांची चाकं काढ, आस कापून नवी घाल, असं एकेका डब्यामागं त्याचं आठवडाभर चालायचं. मी म्हटलं, "साडेसहा इंचांचा सत्तरावा भाग कुणाला दिसणार आहे रे?" तो म्हणाला, "मला दिसेल." दलदल करायला चुलीत जाळतात त्या पीटचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीचा, भुगा चाळून घेतला. रस्त्याच्या कडेच्या मातीला वापरून वाळवलेली चहापत्ती. आणि दगडी कुंपणं? ती ओढ्यातले बारके खडे चिमट्यानं एकावर एक ठेवून, डिंकाशिवाय. डिंकानं लावलेलं कुंपण खोटं दिसतं म्हणे. अशा माणसाशी काय बोलणार, कप्पाळ!

एकच गोष्ट मला खटकायची. माणसं नव्हती. स्टेशनवर बाक होते, दुधाच्या किटल्या होत्या, पण फलाटावर चिटपाखरू नाही. फक्त फाटकाशी एक बाई उभी होती, निळ्या ॲप्रनमधली, नखाएवढी. तिला तोंड रंगवलेलं नव्हतं. ती कोण हे मी विचारलं नाही, विचारायची गरजच नव्हती.

फाटकाचं काम कसं चालायचं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डीलिया लॅव्हेल, फेस्टसची आई, फाटकवाली होती. दिवसाला तीन गाड्या. शिट्टी ऐकली की रस्ता बंद करायचा, गाडी गेली की रस्ता उघडायचा. फाटकावर टेलिफोन नव्हता. मग एखादी जादा गाडी मागून येत असेल तर फाटकवालीला कसं कळणार? त्यासाठी लाल पाटी असायची. थाळीएवढी गोल, लोखंडी. पुढच्या गाडीच्या अगदी शेवटच्या डब्याच्या पाठीवर ती टांगायची. तिचा अर्थ एकच, माझ्यामागून आणखी एक येतेय, फाटक उघडू नकोस. वर्षातून दोन-तीनदाच लागायची ती, गुरांच्या मोठ्या बाजाराला नाहीतर फुटबॉलच्या सामन्याला. पाटी दिसली तर थांबायचं, नाही दिसली तर उघडायचं. तान्ह्या पोरालाही समजेल इतकं सोपं.

एक्कावन्न साली ऑक्टोबरच्या शेवटच्या बाजाराच्या दिवशी सव्वाचारची गाडी उशिरा आली आणि गेली. डीलियानं रस्ता उघडला. पलीकडं तिचा नवरा मायली गाढवाच्या गाडीवर पीट भरून उभा होता, रुळांच्या गँगमध्ये होता तो, त्या दिवशी सुट्टी घेतलेली. तो फाटकात शिरला आणि वळणावरून दुसरी गाडी आली, गुरांची जादा गाडी. ड्रायव्हरनं शिट्टी मारली, ब्रेक मारले, सगळं केलं. गाढव वाचलं. मायली नाही.

चौकशी झाली. डीलिया म्हणाली, पाटी नव्हती. गार्ड म्हणाला, पाटी मी माझ्या या हातानं टांगली. जंक्शनचा हमाल म्हणाला, गाडी आली तेव्हा पाटी डब्यावर होती, मीच उतरवली. दोन पुरुष गणवेशात आणि समोर एक विधवा, कुणावर विश्वास ठेवणार? महिन्याभरात तिला घर सोडावं लागलं. ती बालिक्लूनला बहिणीकडं गेली, कापडाच्या दुकानावरच्या खोलीत कोट शिवत राहिली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण ती चर्चमध्ये आली की बायका अंग चोरून सरकायच्या, आणि मागं कुजबुज व्हायची, "स्वतःच्या नवऱ्याला फाटक उघडलं हिनं."

आता तुम्ही विचाराल, तो गार्ड कोण. थेडी रुएन. माझे वडील.

फेस्टस परत आला तेव्हा मला वाटलं, हा माझं तोंडही बघणार नाही. पण त्याच्या मनात तसलं काही नव्हतं. रविवारी मी ब्राऊन ब्रेड घेऊन जायचे, तो चहा टाकायचा, आम्ही चुलीशी बसायचो. शहाण्णव साली अशाच एका पावसाळी दुपारी त्यानं एकदम तोंड उघडलं. हातात चिमटा, चिमट्यात खडा, नजर खड्यावर.

"त्या दिवशी मॅमीनं बघितलंच नव्हतं," तो म्हणाला. "तिचे हात पिठात होते. मला म्हणाली, जा रे, मागं पाटी आहे का बघ. मी सात वर्षांचा. कुंपणावर चढलो, गाडी जाऊ दिली, आणि आत ओरडून सांगितलं, पाटी नाही, मॅमी."

मी कप खाली ठेवला.

"चौकशीत ती म्हणाली, मी स्वतः बघितलं. माझं नाव काढलं नाही. अजून काढलेलं नाही. अट्रॅक्टा, पाटी होती म्हणतात सगळे. मग मला का दिसली नाही? गवताची गंजी आड आली? सूर्य डोळ्यांवर होता? म्हणून हे सगळं जसंच्या तसं बांधतोय मी. एकदा पुरं झालं की कुंपणाच्या उंचीवर आरशाचा तुकडा ठेवून बघणार, काय दिसतं ते." मग माझ्याकडं वळला. "तुझे डॅडी त्या गाडीवर होते. तू पण स्टेशनवर असायचीस त्यांचा चहा घेऊन. गाडीत डबे कोणत्या क्रमानं होते? आठवतं का काही?"

आठवतं का! आजही डोळे मिटले की दिसतं.

मी म्हटलं, "गार्डाचा डबा शेवटी. नेहमीसारखा."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय होतं ते ऐका. त्या दिवशी आमचे स्वतःचे गोऱ्हे बाजारात नेले होते, बारा होते. गिऱ्हाईक लागेना. गाडी सुटायच्या वेळी मीथ परगण्यातला एक व्यापारी तयार झाला आणि डॅडींनी गाडी बारा मिनिटं रोखून धरली. डबे पुढं नेऊन नीट जागी जोडायला वेळ नव्हता, म्हणून गुरांचे दोन डबे गार्डाच्या डब्याच्याही मागं जोडले. पाटी आधीच गार्डाच्या डब्यावर टांगलेली. डॅडींनी शेपटीचा दिवा काढून शेवटच्या डब्यावर लावला, तो रोज लावायची हाताला सवय. पाटीची सवय नव्हती. ती राहिली तिथंच, दोन डब्यांच्या मध्ये, कुणाला न दिसणारी. जंक्शनला गुरांचे डबे आधी सोडवले, मग पाटी दिसली, हमालानं काढली. पाटीबद्दल कुणीच खोटं बोललं नाही हो! डीलिया खरं बोलली, डॅडी खरं बोलले, हमालही खरं बोलला. डबे कसे जोडले होते एवढंच कुणी विचारलं नाही. आणि डॅडींनी न विचारलेलं सांगितलं नाही.

मी बारा वर्षांची, चहाचा डबा घेऊन फलाटावर उभी होते. पुढच्या आठवड्यात डॅडींना मी भिंतीआडून आईला सांगताना ऐकलं, "दिवा हलवला गं, पाटी राहिली." त्यानंतर ते सत्तावीस वर्षं जगले. रोज संध्याकाळी जपमाळ झाली की मायली लॅव्हेलसाठी वेगळी प्रार्थना म्हणायचे. लोकांना वाटायचं, काय हा थेडी, देवमाणूस.

मग त्यांचं नाव मी कशी बुडवणार होते? तुम्ही बुडवलं असतं का? सांगा ना.

फेस्टसनं गाडी तशीच बांधली, गार्डाचा डबा शेवटी, त्यावर टाचणीच्या डोक्याएवढी लाल पाटी. आणि तेव्हापासून ते सुरू झालं. सकाळची गाडी सुरळीत जायची, दुपारची जायची. पण बाजाराची गाडी, म्हणजे त्या दिवसाची सव्वाचारची, फाटकावर येऊन थांबायची. इंजिन धडधडत राहायचं, चाकं हलायची नाहीत. त्यानं रूळ स्पिरिटनं पुसले, तारा बदलल्या, इंजिन बदललं. सकाळच्या गाडीचं इंजिन हिला लावलं तर तेही थांबलं. "इथंच का गं?" तो मला विचारायचा. मी म्हणायचे, "जुनं घर आहे, दमट आहे, लोखंड आहे, कशाचं काय सांगावं." चोराच्या मनात चांदणं. त्या गाडीकडं बघायला मला धीर व्हायचा नाही.

आणि माझ्या घरातून मला खिटी ऐकू यायला लागली. फाटकाची लोखंडी खिटी, खाली पडते तेव्हा खण् करते तशी. माझं घर फाटकासमोर, रस्त्यापलीकडं. फाटकं त्रेसष्ट सालीच नेली, आता दगडी खांब तेवढे उभे आहेत. तरी सव्वाचार वाजून गेले की खण्. आधी एक, थोड्या वेळानं दुसरी. मी फादरना बोलावून घरावर तीर्थ शिंपडून घेतलं. फादर चहा-केक खाऊन गेले, खिटी वाजतच राहिली.

डीलिया तेव्हा बालिक्लूनच्या नन्सच्या वृद्धाश्रमात होती, ऐंशीच्या पुढं. एकदा फेस्टसबरोबर गेले होते तिला भेटायला, नको नको म्हणताना. नीट बोलली, ब्रेड मऊ झालाय म्हणाली. मग भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले आणि ती उठली. काठी न घेता उठली बरं का. दारापर्यंत गेली, दाराची मूठ धरून बाहेर बघत उभी राहिली. "पाटी आली का?" तिनं विचारलं. कुणाला विचारलं कोण जाणे. नर्स म्हणाली, रोजचंच आहे. फेस्टस खिडकीकडं तोंड करून उभा होता आणि मला त्याची पाठ बघवेना.

एकदा डिंकाची बाटली शोधताना त्याच्या खणात मला पेपरमिंटच्या गोळ्यांची पत्र्याची डबी सापडली. उघडली तर आत कापसावर गाढवाची गाडी. पीट भरलेली. वर टोपीवाला माणूस, लगाम हातात, तोही नखाएवढा. याला मात्र तोंड रंगवलेलं होतं, मिशीसकट. फेस्टसनं हातातून डबी काढून घेतली. "त्याची जागा अजून ठरली नाही," एवढंच म्हणाला.

दोन हजार तीनचा ऑक्टोबर संपत आला तेव्हा सगळं पुरं झालं. आठवडाभर फेस्टस दिसला नाही. पॅजनं काउंटरवर खबर दिली, "तुझा स्टेशनमास्तर दाढी करत नाही, दूध नेत नाही. जाऊन बघ, नाहीतर पोलीस बघतील." मी गेले. तो जमिनीवर बसला होता, हातात दाढीच्या आरशाचा तुकडा. गंजी काढून ठेवलेली, पाण्याची टाकी काढून ठेवलेली.

"काहीही आड येत नाही," तो म्हणाला. "सगळं करून बघितलं. सूर्याच्या जागी दिवा धरला. सात वर्षांच्या पोराच्या उंचीवरून पाटी लख्ख दिसते, अट्रॅक्टा. आंधळ्यालाही दिसेल. मी बघितलंच नाही नीट."

"अरे, बावन्न वर्षं झाली..."

"मला माहितीये मी काय बघत होतो. आता आठवलंय. गोऱ्हे बघत होतो. फळ्यांच्या फटीतून नाकं बाहेर काढतात ना तसे. एक होता पांढऱ्या तोंडाचा, एका डोळ्याभोवती तपकिरी ठिपका. तो माझ्याकडं बघत होता. मला इतकी वर्षं वाटायचं, तो अगदी शेवटच्या डब्यात होता, त्याच्यानंतर काहीच नव्हतं. पण शेवटी तर गार्डाचा डबा, तूच म्हणालीस. म्हणजे मी त्या गोऱ्ह्यात रमलो, आणि गार्डाचा डबा नजरेसमोरून निघून गेला. एका गोऱ्ह्यापायी मी बापाला मारलं."

माझ्या हातातली ब्रेडची पिशवी खाली पडली. डाव्या डोळ्याभोवती ठिपका. बार्नी. माझा गोऱ्हा. त्याची आई विताना मेली होती, त्याला मी बाटलीनं दूध पाजून वाढवला होता. त्या दिवशी फलाटावर मी त्याच्यासाठी रडत होते, डॅडींनी मला दटावलं होतं. शेवटच्या डब्यात चढवला होता त्याला. फेस्टसनं बरोबर बघितलं होतं. बाजाराच्या त्या गदारोळात सगळ्यांत नीट त्या पोरानंच बघितलं होतं, आणि मी सात वर्षं त्याला त्याचेच डोळे खोटे ठरवायला लावले.

"रविवारी मॅमीला जेवायला घरी आणतोय," तो म्हणाला. "मृतात्म्यांचा दिवस आहे. तिला सांगणार, तुझी चूक नव्हती, माझी होती. मग हे सगळं तोडून चुलीत घालणार."

तिथंच सांगायला हवं होतं मी. नाही सांगितलं. घरी आले, दार लावलं आणि डॅडींच्या फोटोला शिव्या घातल्या. मेलेल्या बापाला कुणी शिव्या घालतं का? मी घातल्या. तुमचा देवमाणूसपणा माझ्या डोक्यावर ठेवून गेलात तुम्ही, म्हटलं. शेजारचा माणूस काखेत कळसा अन् गावाला वळसा करत अकरा वर्षं खडे रचतोय, आणि कळसा माझ्या काखेत! मग भांड्यांच्या कपाटामागं हात घातला. फळीचं भोक झाकायला डॅडींनी तिथं एक पत्रा ठोकला होता, तोंड भिंतीकडं करून. चार खिळे होते. काढताना दोन नखं मोडली. पलटला तर तीच गोल पाटी, डॅडींनी कधीतरी गुपचूप घरी आणलेली, रंग अजून लाल.

रविवारी दुपारी मी तो पत्रा शालीखाली घेऊन रस्ता ओलांडला. स्वयंपाकघरात बेकन आणि कोबीचा वास. डीलिया खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी, समोर तिचंच घर, तळहातावर मावेल एवढं, खिडकीत दिवा लावलेलं. ती त्या तोंड नसलेल्या बाईकडं बघत होती. फेस्टस तिच्यापुढं गुडघे टेकून बसला होता.

"मॅमी," तो म्हणत होता, "मला काही सांगायचंय."

"तू गप्प बस," मी म्हटलं. "मला सांगायचंय."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी फळीशी गेले, बाजाराची गाडी उभी होती, तिच्यातले गुरांचे दोन डबे काढले आणि गार्डाच्या डब्याच्या मागं जोडले. आकडा तिसऱ्यांदा लागला. शालीखालचा पत्रा काढून टेबलावर ठेवला.

"अशी होती गाडी," मी म्हटलं. "आमचे गोऱ्हे होते. डॅडींनी दिवा हलवला आणि पाटी हलवायची विसरले. पाटी होती, पण मध्ये होती. कुणालाच दिसली नसती, फेस्टस. तो पांढऱ्या तोंडाचा बार्नी होता, मी वाढवलेला. शेवटच्याच डब्यात होता. तू बरोबर बघितलंस. मला माहीत होतं. कायम माहीत होतं."

फेस्टस उठला, खटका दाबला. गाडी बालिक्लूनहून निघाली, भोकातून आली, पूल ओलांडला, फाटकावर आली. आणि गेली. न थांबता गेली. त्याचा अर्थ काय ते मी कुणाला सांगत नाही. जे बघितलं ते सांगते.

मग तो माझ्याकडं वळला. मी त्याला कधी रागावलेला बघितलं नव्हतं. "सात वर्षं," तो म्हणाला, "सात वर्षं माझ्या चुलीशी बसून चहा प्यायलीस तू. मी विचारलं होतं तुला. तोंडावर विचारलं होतं!"

"हो."

"माझ्या आईकडं बघून ब्रेड मऊ झालाय का म्हणून विचारलंस!"

"हो रे," मी म्हटलं.

"ओरडू नकोस तिच्यावर," डीलिया म्हणाली.

तिचा आवाज अगदी स्वच्छ होता. ती माझ्याकडं बघत नव्हती, फेस्टसकडं बघत होती. "पाटी नाही असं तू म्हणालास, म्हणजे नव्हती. मी कधी परत विचारलं का तुला? एकदा तरी?"

"नाही, मॅमी."

"मग?" ती त्याला दटावत होती, लहान पोराला दटावतात तशी. मग गाडीकडं वळली. "थेडी बिचारा. पण पाटी असो की नसो, अट्रॅक्टा, मायलीनं पलीकडून हाक मारली. उघड गं डीली, थंडी वाजतेय, म्हणाला. उघडलं ते मीच. ते कुणी डबे मागं-पुढं जोडून बदलत नाही."

यावर मला रडू आलं. मोठ्यानं आलं, लाज सोडून. बावन्न वर्षं मला वाटत होतं, माझ्याकडं तिच्या सुटकेची किल्ली आहे. किल्ली दिली आणि कुलूपच दुसरं निघालं.

डीलियानं हात पुढं केला. वाकड्या झालेल्या बोटानं नखाएवढी फाटकं एकेक करून रस्त्यावर ओढली. "आता येऊ दे," म्हणाली. फेस्टसनं बाजाराची गाडी फिरवून पुन्हा आणली. ती गेली. डीलियाचं बोट फाटकावरच. "दुसरी," ती म्हणाली. त्यानं जादा गाडी सोडली. ती फळीवर कधी धावलेलीच नव्हती, बांधून कोपऱ्यात ठेवलेली. वळण घेऊन आली, फाटकावरून गेली, भोकात दिसेनाशी झाली. डीलिया तरी थांबली. मी मनात शंभर मोजले, तरी थांबली होती. मग तिनं फाटकं उघडली.

"कुठं ठेवलायस त्याला?" तिनं विचारलं.

तिला कुणी सांगितलं होतं, देव जाणे. मी सांगितलं नव्हतं. फेस्टसनं खण उघडला, पेपरमिंटची डबी काढली, गाढवाची गाडी चिमट्यानं नव्हे, दोन बोटांनी उचलली आणि रस्त्यावर पलीकडं ठेवली. एका बोटानं ढकलत निघाला. रुळांवर चाक अडखळलं. रूळ ओलांडले. माझ्या केसांच्या गवतातून गाडी अलीकडं आली आणि घराच्या दाराशी उभी राहिली.

बाहेर, खरोखरच्या रस्त्यावर, खिटी वाजली. एकदाच. फेस्टसनं मान वर केली, म्हणजे त्यालाही ऐकू आली होती.

"चहा टाक," डीलिया म्हणाली. "आलाय तो."

फेस्टसनं किटली चुलीवर ठेवली. मला त्यानं जा म्हटलं नाही की बस म्हटलं नाही, मी दाराशी शाल आवळून उभीच होते. त्यानं फडताळ उघडलं आणि कप काढून टेबलावर मांडायला लागला, त्या लाल पाटीच्या बाजूला. एक आईपुढं, एक स्वतःपुढं, एक रिकाम्या खुर्चीपुढं. मग माझ्याकडं बघितलं आणि चौथा काढला.